हीटर काढताना भोकं मोजा: कोकणातल्या एअर-कूल्ड पोर्शे ९११ चा एक्झॉस्ट बदलण्याची पूर्ण पद्धत

मागच्या आषाढात साखरपा सोडून आंबा घाट चढत होतो. पाऊस असा की वायपर पूर्ण वेगात असूनही पुढचा ट्रक फक्त लाल दिव्यांवरून कळत होता. त्यात काच आतून धूसर व्हायला लागली, म्हणून मी हँडब्रेकशेजारचा हीटरचा लिव्हर ओढला. दोन मिनिटांत काच साफ झाली. दहा मिनिटांनी बायको म्हणाली, "अहो, माझं डोकं ठणकतंय. मळमळतंयसुद्धा." घाटातली वळणं लागली असतील असं आम्ही दोघांनी धरलं. वर आंब्याला गाडी थांबवून ती उघड्या हवेत उभी राहिली, तेव्हा हळूहळू बरं वाटलं. पुन्हा गाडीत बसलो, लिव्हर तसाच वर, आणि या वेळी माझंही कपाळ जड झालं. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. लिव्हर खाली ढकलला, दोन्ही काचा उघडल्या आणि भिजत घरी आलो.

दुसऱ्या दिवशी गाडीखाली शिरून डाव्या हीट एक्स्चेंजरला, म्हणजे एक्झॉस्ट पाइपाभोवतीच्या पत्र्याच्या जॅकेटला, स्क्रू ड्रायव्हरचं टोक लावलं. फार जोर न देता ते आत गेलं. पत्रा बाहेरून तपकिरी पण धड दिसत होता, आतून त्याची चाळण झालेली. आतल्या एक्झॉस्ट पाइपलाही वेल्डिंगशेजारी चीर होती. म्हणजे काच सुकवायला मी जी गरम हवा आत घेत होतो, तिच्यासोबत धूरही घेत होतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो. डोकेदुखी आणि मळमळ ही त्याची पहिली लक्षणं.

म्हणून हा लेख. समुद्राकाठी एअर-कूल्ड, म्हणजे हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाची, गाडी असेल आणि एक्झॉस्ट बदलायचा विचार असेल, तर हीटर काढण्याचा प्रश्न येणारच. बहुतेक जण पाइप, आवाज आणि ताकद यांवर तासन्‌तास बोलतात. खरं काम मात्र हीटर निघून गेल्यावर मागे राहणाऱ्या भोकांचं आहे. माझ्या गाडीत ती सात निघाली.

आधी हवेची वाट समजून घ्या

पाण्यावर थंड होणाऱ्या गाडीत डॅशबोर्डमागे छोटा रेडिएटर असतो. इंजिनचं गरम पाणी त्यातून फिरतं, एक्झॉस्टचा त्याच्याशी संबंध नसतो. १९६३ साली फ्रँकफर्टला दाखवलेल्या ९११ पासून १९९८ मध्ये थांबलेल्या ९९३ या पिढीपर्यंतच्या गाड्यांत गरम पाणीच नाही. मग उष्णता आणायची कुठून? एक्झॉस्ट पाइपाभोवती पत्र्याचं जॅकेट घालायचं आणि त्या पोकळीतून हवा ढकलायची. ते जॅकेट म्हणजे हीट एक्स्चेंजर. जुन्या बीटलमध्येही तत्त्व हेच.

हवा येते ती इंजिन थंड करणाऱ्या मोठ्या पंख्याकडून. पंख्याच्या आवरणावर एक तोंड असतं (जुन्या मॉडेलांत दोन). तिथून नळ्या इंजिनभोवतीच्या पत्र्यातून खाली उतरून दोन्ही जॅकेटांत जातात. तापलेली हवा पुढे दोन झडपांच्या डब्यांत येते. लिव्हर खाली असेल तर डबा ती हवा गाडीखाली सोडून देतो, वर असेल तर बॉडीतल्या नळ्यांतून पायांपाशी आणि काचेवर नेतो. काही वर्षांच्या गाड्यांत इंजिनच्या कप्प्यात विजेवर चालणारा एक ब्लोअरही या वाटेत बसवलेला असतो.

यातून दोन गोष्टी निघतात. हीटर बंद असला तरी पंख्याची थोडी हवा सतत जॅकेटांकडे जात असते. जॅकेटं काढली आणि आवरणावरचं तोंड उघडं राहिलं, तर सिलिंडरांच्या वाट्याची ती हवा फुकट जाईल. आणि बॉडीकडच्या नळ्या उघड्या राहिल्या, तर गाडीखालचा धूर, धूळ, पाणी सगळं थेट केबिनमध्ये.

माझी गाडी १९८२ ची ९११ एससी आहे, मामांनी परदेशातून परतताना आणलेली. त्यामुळे पुढचं सगळं १९७८ ते १९८९ या काळातल्या एससी आणि ३.२ कॅरेरा ही ९११ ची मॉडेलं डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. त्यानंतरच्या ९६४ आणि ९९३ या पिढ्यांत हीटरची रचना आणि वायरिंग वेगळं आहे. त्यांना ही पद्धत जशीच्या तशी लावू नका.

काढावा का?

रत्नागिरीत ऊब देण्यासाठी हीटर लागत नाही, हे सांगायला नको. पौषातल्या पहाटेही काच वर केली की पुरतं. जड, गंजलेली जॅकेटं काढून सरळ हेडर (इंजिनमधून धूर बाहेर नेणारे नुसते पाइप) बसवले की गाडी हलकी होते, धुराची वाट मोकळी होते आणि तेलगळती शोधायला इंजिनची खालची बाजू दिसू लागते. एससीत डाव्या बाजूचा धूर आडव्या पाइपाने उजवीकडे आणून एकत्र करतात आणि मग सायलेन्सरमध्ये सोडतात. जुन्या, १९७४ पर्यंतच्या पद्धतीने दोन्ही बाजू स्वतंत्रपणे दोन तोंडांच्या सायलेन्सरमध्ये नेल्या की तो वळसा वाचतो.

पण कोकणात हीटरचं एक काम आहेच, ते म्हणजे काच. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या मुलखात, घाटात काच धूसर होणं हा जिवाशी खेळ आहे. त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे: काच सुकवायची दुसरी सोय आधी करून, तपासून घ्या, मगच हीटरला हात लावा. तुमची गाडी दर महिन्याला कोल्हापूर किंवा महाबळेश्वरला जाणारी असेल आणि तिला एसी नसेल, तर हीटर काढू नका. स्टेनलेस स्टीलचे नवे हीट एक्स्चेंजर मिळतात. महाग आहेत, पण तुमच्यासाठी तेच बरे.

काचेची सोय

काच धूसर झाली की आधी बोट फिरवून बघा. बोटाची रेघ आतून उमटली तर बाष्प आत आहे, नाहीतर बाहेर. श्रावणात बाहेरची हवा जवळजवळ ओलीचिंब असते. एसीचा गार झोत सरळ काचेवर सोडला तर काच थंड पडते आणि बाहेरून धुकं धरते. ते वायपरने जातं. आतलं बाष्प मात्र हवा कोरडी केल्याशिवाय जात नाही.

एसी चालू असेल तर अर्धं काम झालं, कारण एसी हवेतलं पाणी काढतो. तो फार गार करू नका, झोत काचेवर ठेवा आणि पंखा मोठा. ९११ ला पुढच्या बाजूला ताज्या हवेचा वेगळा ब्लोअर असतो. हीटर काढला तरी तो राहतो, फक्त हवा तापलेली नसते. त्याची जाळी आणि पाणी निघायच्या नळ्या साफ करा. माझ्या गाडीत त्या वाटेत आंब्याचा मोहर आणि सुकलेली पानं ठासून भरलेली होती. नळ्या तुंबल्या की पाणी आत मुरतं, गालिचा ओला राहतो, आणि ओला गालिचा रात्रभर काचेला पाणी पुरवत बसतो. गालिचे काढून उन्हात वाळवणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे आणि लोक तोच करत नाहीत.

एसी नसेल तर १२ व्होल्टचा छोटा सिरॅमिक हीटर ब्लोअरच्या वाटेत बसवता येतो. १५० वॅटचा हीटर साधारण साडेबारा अँपिअर ओढतो. म्हणून स्वतंत्र रिले, जाड वायर, बॅटरीजवळ फ्यूज, आणि पंखा चालू असल्याशिवाय हीटर चालू होणार नाही अशी जोडणी हवीच. सिगारेट लायटरच्या सॉकेटात लावून हे काम भागवू नका. चाळीस वर्षांची वायर आहे ती.

चाचणी घरीच होते. पहाटे, गाडी थंड असताना दोन टॉवेल गरम पाण्यात बुडवून, पिळून मागच्या सीटवर टाका, चौघं आत बसा आणि काचा बंद करा. पाच मिनिटांत काच पांढरी होते. आता हीटरला हात न लावता सोय चालू करा आणि घड्याळ लावा. माझ्याकडे पहिल्यांदा नऊ मिनिटं लागली. जाळ्या साफ करून, एसीत गॅस भरून घेतल्यावर तीन. नऊ मिनिटं घाटात चालत नाहीत.

मुहूर्त, जागा, सामान

गणपती गेले, पाऊस ओसरला की काम काढा. दोन शनिवार-रविवार धरा. एक उघडण्यासाठी, एक बसवण्यासाठी, आणि मधला आठवडा तुटलेल्या स्टडसाठी (एक्झॉस्ट इंजिनला धरून ठेवणाऱ्या आट्यांच्या दांड्यासाठी). कारण एखादा तुटतोच.

आमच्याकडे अंगण जांभ्याचं, वरून लाल माती. जॅक स्टँड त्यात एका बाजूने रुततो. खाली जाड फळी आणि तिच्यावर लोखंडी प्लेट घ्या. स्टँड टॉर्शन बारच्या (मागच्या सस्पेंशनच्या) आडव्या नळीच्या टोकांखाली, पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे. गाडी स्टँडवर ठेवली की दोन्ही हातांनी जोरात हलवून बघा. हलली तर पुन्हा लावा. जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका.

सामानात १३ चा रिंगपाना आणि बॉक्सपाना, ८ मिलिमीटरची लांब एलन की (चांगल्या स्टीलचीच), टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच आवळणारा पाना), गंजावर मारायचं तेल, तारेचा छोटा ब्रश, ज्योतीची गॅस-टॉर्च, सहा नवी गॅस्केट, नवे नट, अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारा लेप) आणि आग विझवायचा सिलिंडर. रिकाम्या बरणीसारखे डबे ठेवा आणि प्रत्येक डब्यावर कुठले नट ते लिहा.

उघडताना

तीन दिवस आधीपासून रोज संध्याकाळी एक्झॉस्टच्या प्रत्येक नटावर तेल मारा. गाडी चालवून आणून, गरम असताना मारलं तर ते आट्यांत जास्त मुरतं. फक्त पाइप लाल-गरम असताना नको, पेट घेईल.

कामाच्या दिवशी इंजिन पूर्ण थंड. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. मोबाइलवर चहूबाजूंनी फोटो घ्या, विशेषतः उजव्या बाजूच्या तेलाच्या नळ्यांचे. ऑइल टँक उजव्या मागच्या चाकामागे असतो आणि तिकडे जाणाऱ्या नळ्या एक्झॉस्टच्या शेजारूनच जातात. नवे पाइप बसवताना या फोटोंचा उपयोग होईल.

मग सायलेन्सर. जोडणीचे बोल्ट आधी, आधाराचे दोन पट्टे शेवटी. पट्टे सोडताना कुणालातरी खालून धरायला सांगा, कारण जुना सायलेन्सर दिसतो त्यापेक्षा जड असतो. नंतर आडवा पाइप. त्यानंतर जॅकेटांना वरून येणाऱ्या नळ्या आणि पुढे झडपांच्या डब्यांना जोडलेल्या नळ्या सोडा. क्लिपचे स्क्रू फिरले नाहीत तर कापून टाका. क्लिप दहा-वीस रुपयांची आहे, तिच्यावर तास घालवू नका.

आता मुख्य काम. सहा सिलिंडर, प्रत्येकाच्या हेडला (सिलिंडरच्या झाकणाला) धूर निघायचं एक तोंड म्हणजे पोर्ट, प्रत्येक पोर्टला दोन स्टड, एकूण बारा नट. काही साधे षट्कोनी, काही लांबट नळीसारखे, ज्यांच्या पोटात एलन कीसाठी खाच असते. हे लांबट नट जॅकेटमधल्या वाटेतून खालून सोडायचे असतात. घाईत इथेच घोटाळा होतो. खाच वर्षानुवर्षांच्या गंजाने आणि लाल मातीने भरलेली असते. की अर्धीच आत जाते, आपण जोर लावतो आणि खाच गोल होते. आधी खिळ्याच्या टोकाने खाच कोरून काढा, ब्रश फिरवा, फुंकर मारा, आणि की पूर्ण तळाला बसून "टक" असा आवाज आला की मगच हातोडीने तिच्यावर दोन हलके ठोके देऊन जोर लावा.

नट हलत नसेल तर जोर वाढवू नका, उष्णता द्या. नटालाच, स्टडला नाही. गॅस-टॉर्चने नट तापवा, मंद लाल दिसू लागला की थांबा, थोडा निवू द्या आणि त्याच्या मुळाशी मेणबत्ती टेकवा. वितळलेलं मेण आट्यांत शिरतं. मग थोडं घट्ट, थोडं सैल, असं करत बाहेर काढा. टॉर्च लावण्याआधी त्या परिसरातलं सांडलेलं तेल पुसून घ्या आणि आधी मारलेलं गंजाचं तेल सुकू द्या. एक माणूस आग विझवायचा सिलिंडर हातात घेऊन उभा हवा.

माझ्याकडे बारापैकी अकरा सुटले. उजव्या बाजूचा मधला स्टड हेडच्या तोंडाशी तुटला. अण्णा, म्हणजे ज्यांनी मला पाना धरायला शिकवलं ते आमचे म्हातारे मिस्त्री, खाली वाकून बघत म्हणाले, "ड्रिलला हात लावशील तर मला हाक मारू नकोस. हेड अल्युमिनियमचं आहे, स्टड पोलादाचा. ड्रिल घसरलं की मऊ धातू खात जाईल." त्यांनी उरलेल्या टोकावर एक नट ठेवून तो आतून वेल्ड करून घेतला. वेल्डिंगच्या उष्णतेनेच स्टड मोकळा झाला आणि पान्याला अलगद आला. स्टड हेडच्या आत तुटला असेल, वेल्ड करायला टोकच नसेल, तर हे काम मशीन शॉपचं आहे. आटे गेले तर इन्सर्ट बसवून घेता येतात.

जॅकेटं खाली आली की

इथे घाई नको. इंजिनची पोटाची बाजू इतकी उघडी पुन्हा दिसणार नाही. हेडकडून क्रँककेसकडे (इंजिनच्या मधल्या पेटीकडे) तेल परत आणणाऱ्या चार नळ्या असतात, प्रत्येक बाजूला दोन. त्यांच्या टोकांच्या ओ-रिंगा कडक झाल्या की तेल पाझरतं. जॅकेट असताना ते पत्र्यावर पडायचं, आता उघड्या हेडरवर पडेल आणि धूर करेल, पेटूही शकेल. ओल दिसली तर आत्ताच बदला. दोन तुकड्यांच्या, लांबी कमी-जास्त होणाऱ्या नळ्या मिळतात, त्या इंजिन न उघडता बसतात. खालच्या व्हॉल्व्ह कव्हरची गॅस्केटं बघा. कव्हर काढलंच तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं अंतर तपासून घ्या, थंड इंजिनला ०.१० मिलिमीटर.

आता भोकं

खडू घ्या आणि प्रत्येक भोकाशेजारी आकडा लिहा. माझी यादी अशी झाली: पंख्याच्या आवरणावरचं तोंड एक, इंजिनच्या पत्र्यातली भोकं दोन, बॉडीत जाणाऱ्या नळ्यांची तोंडं दोन, आणि झडपांच्या केबल जिथून बाहेर येतात त्या जागा दोन. ब्लोअर असेल तर त्याच्या वायरी वेगळ्या.

पंख्याच्या आवरणाचं तोंड सगळ्यात आधी बंद करा. दोन मिलिमीटर अल्युमिनियमची गोल चकती कापून, उष्णता सोसणाऱ्या सिलिकॉनवर बसवून बाहेरून क्लिप. तिथे कापडाचा बोळा किंवा प्लास्टिकची पिशवी कोंबलेली मी पाहिली आहे. पंख्याच्या हवेने ती निघाली आणि सिलिंडरला थंड ठेवणाऱ्या फिनांवर जाऊन बसली, तर एक सिलिंडर हवेवाचून उपाशी राहील आणि ते तुम्हाला फार उशिरा कळेल.

इंजिनच्या पत्र्यातली दोन भोकं क्षुल्लक वाटतात, तशी ती नाहीत. त्या पत्र्याचं कामच वरची थंड हवा आणि खालची तापलेली हवा वेगळी ठेवणं हे आहे. भोकं उघडी राहिली तर पंखा हेडरवरची गरम हवा वर ओढून पुन्हा इंजिनवरच फेकतो. अल्युमिनियमचे गोल तुकडे, चार-चार रिव्हेट, कडेने सिलिकॉन.

बॉडीच्या दोन नळ्या माणसांच्या जिवाच्या. इथे रबरी बूच लावू नका, हेडर जवळ आहे. स्टेनलेसच्या टोप्या बनवून घ्या. आत सिलिकॉनची रेघ, बाहेर स्टेनलेस क्लिप. टोपी बसवण्याआधी नळीत विजेरी मारून बघा. माझ्या एका नळीत उंदराने कापसाचं घर केलं होतं. नंतर चाचणी: सगळ्या काचा बंद, आतला ब्लोअर पूर्ण वेगात, आणि बाहेर टोपीच्या कडेभोवती पेटलेली उदबत्ती फिरवा. धुराची रेघ सरळ वर गेली पाहिजे. कुठे थरथरली, ढकलली गेली तर तिथे फट आहे.

केबल कापून टाकू नका. गुंडाळून, ग्रीस लावून मागे बांधा आणि त्यांची भोकं रबरी ग्रोमेटने बंद करा. पुढे कुणाला हीटर परत बसवायचा असेल तर केबल आतून ओढणं हे महाकठीण काम असतं. ब्लोअर काढला असेल तर वायरींच्या टोकांना इन्सुलेशन लावा आणि त्याचा फ्यूज काढा.

पाइप

तयार हेडर मिळतात. तीन लिटरच्या एससीला साधारण ३८ ते ४१ मिलिमीटर व्यासाचे पाइप बसतात. रस्त्यावरच्या गाडीला मी ३८ च घेईन, रोजच्या चालीत खालच्या आरपीएमला गाडी जिवंत राहते. मला सायलेन्सरचा जोडपाइप मात्र बनवून घ्यावा लागला. मिरकरवाड्याला बोटींची स्टीलची कामं करणाऱ्या एका दादाकडे गेलो. तो म्हणाला, "पाइप मी हवा तसा वळवून देतो, पण गाडी मी ओळखत नाय. माप तू आण, पुठ्ठ्याचं आण." तेच बरोबर होतं. गाडीखाली बसून पुठ्ठ्याचा नमुना केला आणि त्यावरून पाइप झाला.

आर्गॉन वेल्डिंग करताना पाइपाच्या आतूनही आर्गॉन सोडायला सांगा. नाहीतर आतल्या बाजूने सांधा साखरेसारखा खरबरीत होतो आणि पुढे तिथूनच तडकतो. ३०४ स्टेनलेस ला ३०८ एल रॉड. समुद्राच्या अगदी काठी राहत असाल तर जोडपाइपाला ३१६ मागा, खाऱ्या हवेला ते जास्त टिकतं. आणि पाइपाला कापडी पट्टी गुंडाळू नका. कोरड्या प्रदेशात ठीक, इथे ती पट्टी खारट ओल धरून बसते आणि आतला पाइप खाते.

बसवताना

हेडरचे फ्लँज सपाट आहेत का ते पट्टी लावून बघा. वाकडा असेल तर नट कितीही आवळा, फुंकणारच. पोर्टची तोंडं अल्युमिनियमची आहेत, जुनं गॅस्केट खरवडायला धारदार लोखंड वापरू नका. नवी गॅस्केटं, स्टडला अँटी-सीझ, आणि सगळे नट आधी बोटांनी. बोटांनी फिरत नसेल तो नट पान्याने ढकलायचा नाही.

दोन्ही हेडर, जोडपाइप, सायलेन्सर सगळं सैल लटकवा. मग हेडकडचे नट तीन फेऱ्यांत, मधून बाहेर, सारखे. शेवटची फेरी टॉर्क रेंचने, तुमच्या वर्षाच्या वर्कशॉप मॅन्युअलमधल्या आकड्याला. त्यानंतर मधले सांधे आणि पट्टे सगळ्यात शेवटी. उलट क्रमाने आवळलं तर पाइप ताणात बसतो आणि गरम झाल्यावर सांध्यापाशी तडकतो.

आता उजव्या बाजूच्या तेलाच्या नळ्या. हेडर आणि रबरी होस यांच्यामध्ये किमान दोन बोटं जागा हवी. जुन्या पद्धतीचा दोन तोंडांचा सायलेन्सर बसवताना एससी-कॅरेराच्या तेलाच्या नळ्या आड येतात, त्या जुन्या वळणाच्या घ्याव्या लागतात. हा खर्च आधीच धरा, इथे जुगाड करू नका. जागा कमी असेल तर मध्ये अल्युमिनियमचा पत्रा, होसपासून थोडा सुटा, म्हणजे मधून हवा खेळेल.

गाडीला लॅम्डा सेन्सर (धुरातला प्राणवायू मोजणारा) असेल तर त्याची बैठक (एम१८ गुणिले १.५ आट्यांची) नव्या पाइपावर वेल्ड करून घ्या. सेन्सर लटकता ठेवू नका.

पहिली सुरुवात

पाइपांवरचे हाताचे ठसे थिनरने पुसा, नाहीतर ते स्टीलवर कायमचे भाजले जातात. मग गळती: व्हॅक्युम क्लीनरची फुंकणारी बाजू सायलेन्सरच्या तोंडाला कापडाने बांधा आणि प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी लावा. बुडबुडा आला की सांधा फुंकतोय.

बॅटरी जोडा, आग विझवायचा सिलिंडर जवळ ठेवा, मोकळ्या जागेत गाडी सुरू करा. सुरुवातीला थोडा धूर निघतो, तो राहिलेल्या तेलाचा. दहा मिनिटांत थांबला नाही तर बंद करून बघा. एससीला के-जेट्रॉनिक इंजेक्शन आहे. एक्झॉस्ट मोकळा झाला की पेट्रोल आणि हवेचं मिश्रण तपासावंच लागतं. गॅस अ‍ॅनालायझर लावून ३ मिलिमीटरच्या एलन कीने धुरातला सीओ (कार्बन मोनॉक्साइड) जुळवतात. कानाने जुळवू नका. मिश्रण पातळ राहिलं तर थंड सुरुवातीला उलटा भडका होऊन प्लास्टिकचा एअरबॉक्स फुटू शकतो.

आवाजाबद्दल. सायलेन्सर काढून नुसते पाइप ठेवण्याचा मोह होतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२० व्या नियमाने सायलेन्सर बंधनकारक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली आवाजाची मानकं मोडल्यास पहिल्या वेळेला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दंड राहू द्या, आमच्या आळीत पहाटे आजारी माणसं झोपलेली असतात. चांगला सायलेन्सर घ्या. पीयूसी नवं काढा.

पहिली फेरी मी पावसपर्यंतच केली, काचा उघड्या ठेवून. परत येऊन गाडी थंड झाल्यावर बाराही नट पुन्हा तपासले, त्यातले तीन थोडे फिरले. दुसरी फेरी हातखंब्यापर्यंत, काचा बंद आणि डॅशबोर्डवर बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा मीटर. हा मीटर आता कायम गाडीतच असतो. तिसरी आंबा घाटाची चढण, तेलाच्या तापमानावर नजर ठेवून. ते आधीपेक्षा वर जात असेल तर पुन्हा खडूचे आकडे मोजा. कुठलंतरी भोक राहिलंय.

काढलेल्या सामानात झडपांचे डबे, नळ्या आणि पत्रे धड असतील तर तेल लावून, वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवा, वर चिठ्ठी लावून. गाडी विकताना लागतात. समुद्रावरून आल्यावर पाइप थंड झाले की खालून गोड्या पाण्याचा फवारा मारा. आणि दर वर्षी मृगाच्या आधी गाडीखाली जाऊन बॉडीच्या त्या दोन टोप्या हाताने पिळून बघा. क्लिप खाऱ्या हवेने सैल होते, टोपी फिरली तर क्लिप बदला.